साडेतीन कट्टै

“तंबी, तुझं साडेपाच हे साडेपाच नाही. ते सहा आहे.”

मैलापुरात गाणं शिकवणाऱ्या एका मामींचा हा फोन २०१४ च्या ऑगस्टमधला. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. चेन्नईत भाजीवालीपासून घरमालकापर्यंत कुणीही तुम्हाला तंबी म्हणू शकतं. मी ब्राउझरमध्ये वाजणारा तंबोरा तयार केला होता आणि सात शिक्षकांना फुकट वापरायला दिला होता. तीन दिवस सगळं गोडीगुलाबीत चाललं, चौथ्या दिवशी हा फोन. मी लॅपटॉपसमोर ट्यूनर धरून पाहिला. सूर स्वच्छ होता. तसं मामींना सांगितलंही. त्या म्हणाल्या, “सूर चांगलाच आहे. नाव चुकलंय. माझ्या गळ्याला विचार.”

नाव चुकलंय म्हणजे काय, हे कळायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

आपल्याकडे गवई पट्टी सांगताना काळी एक, पांढरी चार असं सांगतो. तमिळनाडूत कट्टै सांगतात. कट्टै म्हणजे लाकडाचा तुकडा, इथे पेटीची पट्टी. पांढऱ्यांना एक ते सात आकडे, आणि मधल्या काळ्यांना अर्धे. आपली काळी एक ती इथली दीड कट्टै, आपली काळी चार ती साडेपाच. मी हे कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि प्रोग्रामरच्या खोडीप्रमाणे एकपासून सातपर्यंत अर्ध्या-अर्ध्याने चढणारी यादी एका ओळीत काढून मोकळा झालो होतो. एक, दीड, दोन, अडीच, तीन, साडेतीन, चार…

आता पेटी डोळ्यांपुढे आणा. तिसऱ्या आणि चौथ्या पांढरीच्या मध्ये काळी नसतेच. साडेतीन कट्टै नावाची पट्टी कुठल्याच पेटीवर नाही. माझ्या यादीत मात्र ती होती, आणि चारच्या जागेवर बसून तिने पुढच्या सगळ्यांना एकेक घर वर ढकललं होतं. चार मागणाऱ्याला साडेचार मिळत होती, साडेपाच मागणाऱ्या मामींना सहा. सातांपैकी जे पुरुष होते ते दीड-दोनवर गाणारे, त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. म्हणून चूक तीन दिवस लपली.

आणि मलाही शंका आली नाही, याचं कारण मला वाटतं जन्माचं आहे. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे, साडेतीन हातांचा देह. मराठी माणसाला साडेतीनचा संशय यावा तरी कसा?

मी मूळचा मिरजेचा. वडील रेल्वेत होते. २००९ मध्ये नोकरीसाठी चेन्नईला आलो, तेव्हा जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरच्या एका मोठ्या कंपनीत आम्ही हजारो जण एकाच रंगाची ओळखपत्रं गळ्यात अडकवून बसमधून उतरत असू. चार वर्षं परदेशी विमा कंपन्यांचे फॉर्म ऑनलाइन केले. २०१३ मध्ये सोडली. सोडताना डोक्यात काही थोर कल्पना नव्हती. हवा मात्र होती. १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट म्हणून निघालेली, याच शहरातून काम करणारी कंपनी बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा न घेता झोहो झाली होती. तिथून बाहेर पडून गिरीश मातृभूतम आणि शान कृष्णसामी यांनी २०१० मध्ये फ्रेशडेस्क काढली होती. २०११ मध्ये चार मित्रांनी चार्जबी काढली, ती तर फक्त दरमहाच्या वर्गणीची बिलं सांभाळायची. फक्त बिलं! चेन्नईत बसून, जगात कुठल्याही माणसाच्या एका बारीकशा डोकेदुखीवर सॉफ्टवेअर विकता येतं, हे इथे चहाच्या टपरीवरही माहीत होतं. पुढे २२ सप्टेंबर २०२१ ला फ्रेशवर्क्स नॅसडॅकवर गेली, तेव्हा त्या खटाटोपाला त्यांनी आतल्या आत ‘प्रोजेक्ट सुपरस्टार’ नाव दिलं होतं, रजनीकांतवरून. या मूळच्या शिवाजीराव गायकवाडचं नाव अमेरिकेच्या शेअरबाजाराला लागलेलं पाहून मला उगाचच घरचं कार्य पार पडल्यासारखं वाटलं होतं.

माझे पहिले दोन उद्योग बुडाले. एकाबद्दल बोलण्यासारखं काही नाही. दुसरा म्हणजे मार्गळी महिन्यातल्या कचेऱ्यांचं, म्हणजे इथल्या भाषेत मैफिलींचं, वेळापत्रक. डिसेंबरच्या मध्यापासून इथे सभांमधून सकाळ-संध्याकाळ मैफिली असतात: म्युझिक ॲकॅडमी, नारद गान सभा, कृष्ण गान सभा, शिवाय गल्लीबोळातल्या. मी ते सगळं एका जागी आणलं, वर कुठल्या सभेच्या कँटीनमध्ये आज काय आहे तेही टाकलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. गाण्यापेक्षा कँटीनचं पान जास्त उघडलं जायचं. पैसे कुणी दिले नाहीत, आणि जानेवारी उजाडला की अकरा महिने त्या पानावर चिटपाखरू नसे. पण त्या निमित्ताने मी रसिकांपेक्षा शिक्षकांच्या घरांत जास्त बसलो, आणि तिथे मला ती पहाटेची भानगड दिसली.

पहाटे पाच वाजता मैलापूरच्या माडवीथींमधल्या घरांतून कॉम्प्युटर सुरू होतात. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, मुलं शाळेतून येऊन पुस्तक उघडून बसलेली असतात. मामी इकडे श्रुती, म्हणजे तंबोऱ्याचा आधारसूर, लावतात आणि गायला लागतात. तिकडे मुलीला मामींचा आवाज ऐकू येतो, श्रुती येत नाही. कारण कॉलच्या ॲपच्या लेखी एकसारखा, न थांबणारा घुमारा म्हणजे पंख्याचा किंवा एसीचा आवाज, आणि तो गाळून टाकणं हे त्याचं कर्तव्य. हजार वर्षांचा षड्ज हा त्याला कचरा वाटतो. शिवाय आवाज पोचायला जो क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोन्हीकडे एक तंबोरा धरणं शक्यच नाही. मग मामी सांगायच्या, तुझ्याकडचं मशीन लाव, साडेपाचवर. मुलगी लावायची सहावर. अर्धा तास त्यात जायचा.

उपाय साधा होता. आवाज पाठवायचाच नाही, फक्त आकडा पाठवायचा. मामींनी साडेपाच निवडलं की तिकडच्या ब्राउझरमध्ये तिथलाच तंबोरा साडेपाचवर सुरू व्हावा. एवढंच. माझ्या सगळ्या धंद्याचा गाभा म्हणजे समुद्रापार जाणारा एक आकडा. म्हणून त्या यादीतलं साडेतीन मला इतकं लागलं.

तंबोऱ्याच्या आवाजाचं काम मी आधी गणितानेच उरकायला निघालो होतो. १९८३ मध्ये केविन कारप्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी छेडलेल्या तारेचा आवाज तयार करायची एक फार गमतीदार युक्ती प्रसिद्ध केली. क्षणभराची नुसती खरखर घ्यायची, ती आकड्यांच्या एका छोट्या रांगेत गोल गोल फिरवायची, आणि दर फेरीत शेजारशेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढत राहायचं. खरखर विरते, तार उरते. दहा-बारा ओळींत गिटार वाजायला लागते. मी त्यावर तीन आठवडे घालवले आणि माझा तंबोरा डब्यात अडकलेल्या माशीसारखा वाजत राहिला.

अडचण जवारीची होती. तंबोऱ्याची तार घोडीच्या धारेवरून सरळ सुटत नाही. घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर ती टेकत-सुटत राहते, आणि तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा ते टेकणं-सुटणं नेमकं करतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर एक टिपण लिहिलं होतं, ते मी त्या दिवसांत शोधून वाचलं. रामन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी. त्यांचं निरीक्षण असं की, तारेवर जिथे एखादा उपस्वर निश्चल असतो नेमकं तिथेच ती छेडली, तर तो उपस्वर ऐकू येता कामा नये. तंबोऱ्यात आणि वीणेत तो तरीही ऐकू येतो. म्हणजे नियम मोडतो, आणि मोडतो तो घोडीपाशी. रामननी जिथे बोट ठेवलं होतं तिथेच माझा कोड अडला होता. याचं मला त्या वेळी थोडं समाधानही वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग सरळ मिरज गाठली. सतारमेकर गल्लीत लहानपणापासून ओळखीचे एक कारागीर होते, त्यांना म्हटलं, एक चांगला तंबोरा द्या, एकेक तार वेगळी रेकॉर्ड करायची आहे. रात्री अकरानंतर बसलो, कारण त्याआधी गल्लीत दुचाक्या थांबत नाहीत. पंखा बंद, शटर खाली, मे महिना. ते प्रत्येक पट्टीला तारा मिळवून द्यायचे, दोरा केसभर पुढे-मागे करायचे, मान हलवायचे, मग मी एकेक तार छेडायचो: पंचम, दोन जोडीच्या, खर्ज. एका पट्टीला पाऊण तास. बाराच्या बारा पट्ट्या करायच्या होत्या, पाच झाल्या. उरलेल्या कॉम्प्युटरवर ताणून घेतल्या, आणि त्या ताणलेल्या कुठल्या ते जाणकाराला अजूनही कळतं.

पहाटे चहा घेताना मी त्यांना विचारलं, हा आवाज मी जगाला फुकट वापरायला देणार आहे, चालेल ना? त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, “आवाज माझा कुठला? भोपळा मंगळवेढ्याकडचा, छेडणारा तू. जवारी तेवढी माझी. तर जवारी कुणाची ते कुठेतरी लिही.” लायसन्स म्हणजे काय यावर मी नंतर पुष्कळ वाचलं, दुसऱ्या शनिवारी आयआयटीच्या एरोस्पेस विभागात भरणाऱ्या लिनक्सवाल्यांच्या बैठकींना जाऊन पुष्कळ ऐकलंही. (त्या कॅम्पसात हरणं फिरतात, आणि जीपीएल लायसन्स श्रेष्ठ की एमआयटी यावर भांडत बाहेर पडलेल्या माणसांकडे ती शांतपणे बघतात.) पण चहा पिता पिता त्यांनी जे सांगितलं त्याच्या पलीकडे फारसं काही हाती लागलं नाही.

तर रचना अशी ठरली. तंबोऱ्याचा कोड एमआयटी लायसन्सखाली खुला, आवाज श्रेयासह कुणालाही मोफत, आणि त्यावर उभं केलेलं शिक्षकांचं काम सशुल्क: वर्ग लावणं, दोन्हीकडे श्रुती जुळवणं, मुलांचं रेकॉर्डिंग ठेवणं, आणि फीची वही. भारतात महिना तीनशे रुपये, परदेशी शाळांना दहा डॉलर.

वडिलांना हे समजावताना माझी तारांबळ उडाली.

“म्हणजे तू तंबोरा विकतोस?”

“नाही, तंबोरा फुकट आहे.”

“मग विकतोस काय?”

“फीची वही, अप्पा.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वाण्याकडे वही दोन रुपयाला मिळायची.”

त्यांचं चुकलं नव्हतं, पण धंद्याचं मर्म नेमकं तिथेच निघालं. तंबोऱ्यासाठी मी रात्री जागवल्या, आणि त्याचं कौतुक करून लोक निघून जायचे. पैसे आले ते वहीमुळे. गुरूने शिष्याच्या आईला “तीन महिन्यांची फी राहिली आहे” असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं, याचा इथल्या बायकांना विलक्षण संकोच. त्या दोन-दोन वर्षं मागत नसत. माझी वही दर पहिल्या तारखेला त्यांच्या वतीने निरोप पाठवायची, तोही अगदी नम्र इंग्रजीत. मामी म्हणाल्या, “मी नाही मागत, कॉम्प्युटर मागतो. कॉम्प्युटरला लाज नाही.” ती वही मी चार दिवसांत, कंटाळत लिहिली होती.

पहिल्या वर्षाअखेरीस पैसे देणारे एकोणतीस जण होते. त्या सुमारास एका गुंतवणूकदाराशी कॉफीवर भेट झाली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मार्केट केवढं? मी म्हणालो, ऑनलाइन कर्नाटक संगीत शिकवणारे शिक्षक. ते म्हणाले, “आणि त्यानंतर?” मी म्हणालो, “त्यानंतर भरतनाट्यमवाले.” त्यांनी कॉफीचे पैसे दिले, तेवढी त्यांची माझ्यातली गुंतवणूक. मला वाईट वाटलं नाही असं नाही. आज मागे वळून पाहताना मात्र वाटतं, त्यांचा हिशेब त्यांच्या जागी बरोबर होता. माझ्या धंद्यात एक माणूस, फार तर दोन, खाऊन-पिऊन सुखी राहतात. दहा जणांचं पोट त्यावर भरणार नाही.

खुल्या कोडचा अनुभव याहून चमत्कारिक. मला वाटलं होतं संगीतवाले येतील. आले कोण? युरोपातली ध्यानधारणेची एक वेबसाइट. एक योगवर्ग. कानात सतत शिट्टी वाजण्याचा त्रास असलेला एक प्रोग्रामर, जो रात्री झोपताना माझा खर्ज लावायचा आणि त्याला तो आणखी खाली हवा होता. आणि धृपद शिकणारा एक मुलगा. त्याने लिहिलं, तुमच्या तारा घड्याळासारख्या वाजतात, माणूस असा वाजवत नाही, आणि सोबत दुरुस्ती पाठवली: दोन छेडण्यांमध्ये काही सहस्रांश सेकंदांची मागेपुढे सूट, दर वेळी वेगळी. सहा ओळी होत्या. त्या घातल्या आणि आवाजातलं मशीन निघून गेलं. माझ्या तीन आठवड्यांच्या गणिताने जे झालं नव्हतं ते त्याच्या कानाने केलं. त्याला मी कोडच्या किल्ल्या देऊन टाकल्या.

१ डिसेंबर २०१५ च्या पावसात अड्यार नदीने शहर बुडवलं, तेव्हा त्या किल्ल्या उपयोगी पडल्या. आमचं घर मंदवेलीला, जरा उंचावर, त्यामुळे पाणी आत आलं नाही. वीज आणि फोन मात्र गेले. मी खालच्या मजल्यावरच्या आजींना बादल्या भरून देत होतो आणि सर्व्हर दूर परदेशात कोरडा ठणठणीत चालू होता. पाचव्या दिवशी नेट आलं तर दिसलं, तिसऱ्या दिवशी काहीतरी बिघडलं होतं आणि त्या मुलाने दुरुस्त करून दोन ओळींचं टिपण ठेवलं होतं. आम्ही तोवर एकमेकांना पाहिलंही नव्हतं. आजतागायत नाही.

उलटाही अनुभव आहे. कुणीतरी सगळा कोड आणि आवाज उचलून मोबाइल ॲप काढलं, वर जाहिराती लावल्या, आणि माझ्या वहीच्या दहापट लोक ते वापरायला लागले. कोडबद्दल तक्रार करायला मला जागा नव्हती, परवानगी मीच दिली होती. पण जवारीचं श्रेय गाळलं होतं, आणि ते पाहून मी दोन रात्री झोपलो नाही. तीन पत्रं लिहिली. अखेरीस ॲपच्या ‘आमच्याविषयी’ पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत मिरजेचं नाव आलं. त्या कारागिरांना मी ते फोनवर मोठं करून दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला, म्हणाले, “गल्लीचं नाव नाही टाकलं.” २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला पहिली आठवण त्या मुंगीएवढ्या अक्षरांची झाली.

मामींना मिरजेचा आवाज मात्र पसंत नव्हता. “तुमचा तंबोरा फार बोलतो,” त्या म्हणायच्या. त्यांच्या घरात कोपऱ्यात उशीच्या अभ्र्यात घातलेला तंजावरचा तंबोरा होता, भोपळ्याऐवजी फणसाच्या लाकडाचा, आवाजाने गोल आणि अबोल. तोही मी रेकॉर्ड केला. मोबदला म्हणून त्यांनी माझ्याकडून अभंगांचे उच्चार तपासून घेतले. इथल्या मैफिलीत शेवटी अनेकदा अभंग असतो. हरिकथेत तर साकी, दिंडी हे छंद तंजावरच्या मराठी कीर्तनकारांकडून आलेले, ते अजून त्याच नावांनी ओळखले जातात. ‘ळ’ मामींचा माझ्याहून चांगला. ‘माझे’ मात्र ‘माजे’ व्हायचं, आणि ‘चांदणे’मधला च त्या ‘चंद्रा’तल्यासारखा म्हणायच्या. दर शुक्रवारी अर्धा तास. त्या बदल्यात प्रत्येक नवी आवृत्ती आधी त्यांच्या कानाखालून जायची.

एकदा गुडुवांचेरीला झोहोतल्या एका मित्राला भेटायला गेलो होतो. परतताना चुकून, म्हणजे अगदी चुकून नव्हे, उलट्या दिशेची लोकल धरली आणि पुढे सिंगपेरुमाळ कोविलला उतरलो. १९३७ च्या ऑक्टोबरात अब्दुल करीम खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत छातीत कळ आली आणि ते या स्टेशनावर उतरले. म्हणतात की, फलाटावर तंबोरा जुळवून घेतला, दरबारीत प्रार्थना म्हटली आणि तिथेच देह ठेवला. दफन मिरजेला झालं. मिरासाहेबाच्या दर्ग्यात त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव ऐकत मी मोठा झालो, आणि ते गेले ते ठिकाण माझ्या रोजच्या जगापासून लोकलच्या तिकिटाइतकं जवळ आहे, हे मला पाच वर्षं माहीत नव्हतं. फलाटावर कारखान्यांची पाळी सुटलेली गर्दी होती. मी बाकावर बसून फोनवर खर्ज लावला, आवाज बारीक ठेवून. शेजारच्या मुलाने विचारलं, चार्जर आहे का.

आता २०१८ चा डिसेंबर, कारण तो सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. पहाटे चार पन्नासला मामींचा निरोप: “श्रुती वरलै.” श्रुती येत नाही. मग दुसरा, मग कॅलिफोर्नियातून चार. एका मोठ्या ब्राउझरच्या नव्या आवृत्तीने ठरवलं होतं की, माणसाने पानावर स्वतः बोट टेकवल्याशिवाय कुठलाही आवाज वाजायचा नाही. हेतू चांगला, आपोआप केकाटणाऱ्या जाहिराती बंद करणं. पण माझी सगळी करामत हीच, की इकडे मामींनी आकडा निवडला की तिकडे आपोआप सूर लागावा. ऐन मार्गळीत शेकडो घरांत मुलं पेटी नाही, तंबोरा नाही अशी बसली होती.

चूक ब्राउझरच्या माथी मारायला मला आवडली असती. पण तोच नियम त्याच वर्षी एकदा येऊन मे महिन्यात तात्पुरता मागे घेतला गेला होता, आणि त्या वेळी ध्यानधारणावाल्यांनी मला सविस्तर लिहून कळवलं होतं. मी “बघतो” असं उत्तर दिलं होतं. सात महिने बघत होतो. दुरुस्ती तीन ओळींची निघाली: पान उघडलं की एक मोठं बटण, ‘श्रुती सुरू करा’, त्यावर बोट टेकवलं की पुढे सगळं पूर्ववत. साडेसहाला ती चढवली. कॉफीच्या पेल्याला हात लावला तर कॉफी गार. त्या महिन्याचे पैसे मी कुणाकडून घेतले नाहीत. मामींनी तरी पाठवले, टीप लिहून: परवायिल्लै. असू दे.

२०२० मध्ये सगळं जगच आमच्या त्या पहाटेच्या खोलीत शिरलं. मार्गळीच्या मैफिलीसुद्धा ऑनलाइन झाल्या. ज्या गुरुजींनी “यंत्रावर विद्या देत नाही” असं सांगून मला दारातून परत पाठवलं होतं, त्यांचा फोन आला. तीन महिन्यांत वापरणारे पाचपट झाले, आणि मी पहिल्यांदा एका मुलीला पगारावर ठेवलं. त्या वापरणाऱ्यांतले अर्धे पुढे सोडून गेलेही. मग १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दरमहा आपोआप होणाऱ्या वसुलीचे नियम बदलले आणि जी वही दुसऱ्यांची फी मागायची तिला स्वतःची फी मागता येईना, कारण मी वेळेत तयारी केली नव्हती. दोन महिने मी शिक्षकांना एकेक फोन करून तीनशे रुपये मागत होतो. तेव्हा मामींचा तो संकोच मला पोटातून कळला.

गेल्या महिन्यात कोडमध्ये एक दुरुस्ती सुचवणारा प्रस्ताव आला. पाठवणारा नांदेडकडचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मथळा: यादीत साडेतीन राहून गेलंय, भर घातली आहे. काम नीटनेटकं होतं. एक ते सात, अर्ध्या-अर्ध्याने, एका ओळीत. माझी दोन ओळींची लांबलचक यादी त्याने सुबक करून दिली होती. इतक्या वर्षांत असा हा चौथा प्रस्ताव, आणि चारांतले तीन मराठी मुलांचे.

मी त्याला पेटीचा फोटो पाठवला, तिसऱ्या-चौथ्या पांढरीवर लाल गोल करून. रात्रभर उत्तर नाही. मला वाटलं, पोरगं खट्टू झालं. सकाळी पाहिलं तर त्याने तो प्रस्ताव स्वतःच मागे घेतला होता आणि नवा पाठवला होता: एक छोटी चाचणी, यादीत साडेतीन सापडलं तर कोड पुढे जाऊच नये अशी. खाली एक ओळ होती, “सर, सातच्या पुढे साडेसातपण नसतं ना?”

मी मामींना फोन लावला.